उशिरा आलेली सायकल

गुढीपाडव्याला मागवलेली विजेची डोंगरी सायकल घरी आली ती दसऱ्याला! ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे दुकानदाराचे पालुपद घरात सर्वांना पाठ झाले. चिरंजीवांच्या बरोबरीने सिंहगडाचा घाट चढता यावा म्हणून हा सारा खटाटोप. पण तोवर स्वारी शिक्षणासाठी बंगळूरला गेली.

एकटाच निघालो. खडकवासल्याचे पाणी उजवीकडे ठेवीत डोणजे गाठले नि घाट लागला. मोटार २५० वॉटची. पण मोठी मानी! आपण पायडल मारावे तरच हात देते, थांबलो की तीही थांबते. चढणीवर दम लागला, तरी बोलण्यापुरता उरला होता. आणि बोलायला शेजारी कोणी नव्हते.

गडावर मडक्यातले दही मागवले, सवयीने दोन. दुसरेही मीच संपवले.