नातीची चार मिनिटांची फिल्म



आमची नात अकरावीत आहे आणि तिने शाळेत सिनेमा हा विषय घेतला आहे. आमच्या वेळी सिनेमाला चोरून जावे लागे, आता त्याचे मार्क मिळतात! वर्षाअखेर प्रत्येकाला एक छोटी फिल्म करून द्यायची असते. तिने विषय निवडला ऑटिझम. फार शोधावा लागला नाही, घरातच आहे. तिचा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा.

संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली ठराव करून २ एप्रिल हा ऑटिझमबद्दल लोकांना जाणीव करून देण्याचा दिवस ठरवला. २००८ पासून तो पाळतात. त्या दिवशी मोठमोठ्या इमारतींवर निळे दिवे लावतात. नातू म्हणतो, "निळा दिवा बघून कोणाला काय कळणार?" मलाही तसेच वाटते.

हा मुलगा बोलतो, पण आपल्याला पाहिजे तेव्हा नाही, त्याला पाहिजे तेव्हा. डोळ्याला डोळा देत नाही. शर्टाच्या मानेवरची चिठ्ठी टोचते म्हणून आधी कापावी लागते. भाताला आमटी लागलेली चालत नाही, दोन वाट्या वेगळ्या पाहिजेत. पण आगगाडीचे विचारा! लोदहून बीरशेबापर्यंतची सगळी स्टेशने क्रमाने सांगतो, वेळांसकट. ते बघून मी त्याला आमची भायखळ्याची लाईन शिकवली. चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला... मराठी त्याला फार येत नाही, पण ठाण्यापर्यंत तो बिनचूक जातो. एक दिवस मला म्हणाला, "आजी, भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये नाहूर आहे." मी मुंबई सोडली तेव्हा नाहूर स्टेशनच नव्हते, ते २००३ साली झाले. कॉम्प्युटरवर बघून त्याने माझी लाईन पूर्ण केली.

आपल्यातल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी दोन शब्द सांगते. ऑटिझम हा काही ताप-खोकल्यासारखा येऊन जाणारा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. कोणाला आयुष्यभर बोलता येत नाही, कोणी शिकून प्रोफेसर होतो. म्हणून इथे हिब्रूत 'अल हारेत्सेफ' म्हणतात, म्हणजे एका लांब पट्ट्यावर कुठेतरी. १९४३ साली लिओ कॅनर या ज्यू डॉक्टरने अमेरिकेत अकरा मुलांची हकीकत लिहिली, तेव्हापासून जगाला ही ओळख झाली. पुढे कितीतरी वर्षे डॉक्टर लोक आईलाच दोष देत, की हिची माया थंड, म्हणून मूल असे झाले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँडने पुस्तक लिहून ते खोडून काढले. तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि अशा मुलाचा बापही होता. लस टोचल्याने ऑटिझम होतो असे अजून कोणी कोणी म्हणतात. ते १९९८ सालच्या एका लेखामुळे पसरले, आणि छापणाऱ्या नियतकालिकानेच तो लेख २०१० मध्ये मागे घेतला.

नातू तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या कागदावर 'अस्परगर' असे लिहून आले होते. नात हा कागद फिल्ममध्ये दाखवणार होती. मग तिने त्या नावाचा शोध घेतला. हान्स अस्परगर व्हिएन्नाचा डॉक्टर. २०१८ साली जुनी कागदपत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत दिसले की नाझींच्या काळात त्याने काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड या ठिकाणी पाठवले होते. तिथे अपंग मुलांना मारून टाकीत. नात त्या रात्री जेवली नाही. "हे नाव माझ्या भावाला नको," म्हणाली आणि तो शॉट काढून टाकला. (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी ते नाव २०१३ मध्येच आपल्या पुस्तकातून काढले होते, पण ते वेगळ्या कारणाने.)

खरा वाद झाला तो पुरीमच्या शॉटवरून. तफिल्लाघरात मगिल्ला वाचताना हामानचे नाव आले की मुले रआशान फिरवतात, पाय आपटतात. तो आवाज नातवाला सहन होत नाही. तो बाकाखाली शिरला, कानांवर हात दाबून रडू लागला. मागून कोणीतरी म्हणाले, "बाहेर न्या त्याला." हे सगळे नातीच्या टेलिफोनमध्ये आले होते. तिच्या सरांना तो शॉट फार आवडला. म्हणाले, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, खाली व्हायोलिन लाव.

नातीने घरी येऊन भावालाच विचारले. त्याने थोडा वेळ पंख्याकडे पाहिले आणि तीन अटी सांगितल्या : माझे नाव घालायचे नाही, मी रडतो ते दाखवायचे नाही, आणि गाडीची वेळ चुकीची दाखवायची नाही. तिने तो शॉट काढला. सरांनी पाच मार्क कापले म्हणे. मी म्हणते, कापू देत. लोकांना रडवण्यासाठी आपल्या भावाला बाकाखालून ओढून काढायचा का? आता फिल्ममध्ये तो लोद स्टेशनवर उभा आहे, येणारी प्रत्येक गाडी कुठे चालली ते सांगतो, आणि व्हायोलिनच्या जागी रुळांचा आवाज आहे.

नात मग माझ्याकडे आली. ही फिल्म आपल्या मोआदोनमध्ये दाखवायची, तर खाली मराठी अक्षरे पाहिजेत. पहिल्याच ओळीला गाडी अडली. ऑटिझमला मराठीत काय म्हणायचे? पुस्तकात शब्द आहे 'स्वमग्नता'. शब्द चांगला आहे, पण आमचा मुलगा स्वतःत कुठे मग्न आहे? तो तर आगगाडीत मग्न! आणि आमच्या चाळीत जे शब्द होते, खुळा, मंद, वेडसर, ते तर मी लिहिणारच नव्हते. शेवटी 'ऑटिझम' असेच लिहिले, आणि खाली, 'आवाज याला आपल्यापेक्षा मोठा ऐकू येतो.'

सूनबाईंचे मत होते की मोआदोनमध्ये दाखवू नये. मुलीचे लग्न व्हायचे आहे, लोक चार गोष्टी बोलतील. तिला मी दोष देत नाही. याच भीतीने आपल्या किती घरांत एखादे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत जाई. इथल्या आईबापांनी १९७४ मध्येच एकत्र येऊन 'अलूत' ही संस्था काढली, पण आपण लोक तिथे उशिरा पोचलो. नात म्हणाली, "ज्याला भाऊ चालत नाही त्याच्याशी मला लग्नच नको." सूनबाई आली, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

फिल्म संपली. नातू घड्याळ बघून मोठ्याने म्हणाला, "चार मिनिटे बारा सेकंद." दोघेतिघे हसले. कोणीतरी चहाचे विचारले. मला वाटले, झाले.

तेवढ्यात आमच्या एक ऐंशीच्या पुढच्या बाई उठल्या आणि त्यांनी नातीचा हात धरला. अलिबागजवळच्या गावी त्यांचा थोरला भाऊ होता. जात्याचा आवाज सुरू झाला की तो कान झाकून माडीवर जाऊन बसे. समुद्राची भरती-ओहोटी किती वाजता ते न चुकता सांगे. "आम्ही त्याला खुळा म्हणायचो गं," म्हणाल्या, आणि मग त्याचे नाव घेतले. त्यांची माझी पन्नास वर्षांची ओळख. त्यांना भाऊ होता हे मी त्या दिवशी ऐकले.

नातीने विचारले, "आजी, हे सगळे कॅमेऱ्यासमोर सांगाल का?"

"आज नको. गुरुवारी घरी ये. चांगली साडी नेसून बसते."