गारी अरकली

आषाढातली सकाळ. मानकोली नाक्यावर कंटेनरांची रांग लागली होती, गोदामांच्या पत्र्यांवरून पाऊस ओघळत होता, उरल्यासुरल्या खाचरांत कुणी आवणीला वाकलं होतं, खाडीकडून खारट, चिखलाळ वारा येत होता, आणि खिडकीचे गज धरून उभा असलेला माझा अडीच वर्षांचा मुलगा त्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, "ग-ग-ग-ग..."

शब्द आला नाही.

परवापर्यंत तर तो धडाधड बोलत होता. दोन शब्दांची वाक्यं महिन्याभरात पाच शब्दांची झाली होती. बोबडं बोलणं मला ठाऊक होतं. चिमणीची 'तिमनी' होते, आपण हसतो. हे निराळं होतं. शब्द त्याच्यापाशी होता, अगदी ओठांच्या आत, दाराशी येऊन चप्पल शोधत थांबलेल्या माणसासारखा.

"गाडी!" मीच म्हणून टाकलं. त्यानं बोट खाली घेतलं.

तांदळाची भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "मोरली नाय गो, अरकलीय गारी. थांब जरा." संध्याकाळी त्यांनी सहाणेवर वेखंड उगाळलं आणि मधातून त्याच्या जिभेला लावलं. वेखंडानं जीभ सुटते का, यावर मी वाद घातला नाही. त्यानं मात्र मधासाठी पुन्हा जीभ काढली.

त्या रात्री मला बाबा आठवले. साताऱ्याकडचं आमचं गाव, रेशनच्या दुकानातला रॉकेलचा वास, आणि नाव विचारलं की मला पुढे सरकवणारा बाबांचा हात. त्यांचं नाव 'क'नं सुरू होतं, आणि 'क' त्यांचा जन्माचा वैरी. सात वर्षांची मी टाचा उंचावून ते नाव खणखणीत सांगायची. मला वाटायचं, किती शहाणी मी! मागे बाबा रिकाम्या पिशवीची घडी घालत उभे असत. त्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.

ठाण्याहून लोकल, दादरला बदलून वांद्रे. तिथली अली यावर जंग संस्था १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. "घरात आणखी कुणी अडखळतं?" तिथल्या बाईंनी विचारलं. "वडील," म्हणताना माझाच आवाज घोगरा झाला. हे नजर लागून होत नाही, आई कामावर जाते म्हणूनही नाही, त्या म्हणाल्या. पुष्कळदा ते रक्तातून येतं. दोन ते पाच वर्षांच्या वयात शंभरातली साधारण पाच मुलं अशी अडखळतात, बहुतेकांचं आपसूक सुटतं. पण घराण्यात असेल, चेहरा ताणला जात असेल किंवा महिनोन् महिने ते रेंगाळत असेल, तर दाखवायला उशीर करू नये. शेवटी म्हणाल्या, "त्याला 'सावकाश बोल' म्हणू नका. तुम्हीच सावकाश बोला. आणि त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका."

एवढंच. आणि एवढंच मला जमेना.

थांबायचं म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. त्याचे ओठ मिटले की मी हातातली भाजी खाली ठेवायची, त्याच्या उंचीला बसायची. मग पागोळ्यांचा आवाज वेगळा ऐकू यायचा, दूर मागे येणाऱ्या ट्रकचं टूं-टूं, सासूबाईंच्या बांगड्या, त्याच्या नाकपुडीतला गरम श्वास, आणि त्या सगळ्यातून वाट काढत, भिजलेला, थोडा वाकडातिकडा झालेला, पण त्याचा स्वतःचा शब्द एकदाचा बाहेर यायचा.

गाडी. कधी आजीची गारी.

रविवारी बाबांचा फोन आला. ते एरवी हालहवाल विचारतात आणि फोन आईकडे देतात. त्या दिवशी यानंच तो हिसकावला. "आ-आ-आबा!" पलीकडून "क-क..." आणि मग शांतता. बाबांचा 'काय करतोस' अडकला होता. माझ्या जिभेवर तो तयार होता, लहानपणीसारखाच. मी ओट्याची कड घट्ट धरली. नातू फोन कानाला लावून, तोंड उघडं ठेवून, वाट पाहत उभा होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

मग बाबांचा शब्द आला, आणि यानं कंटेनरांची गोष्ट सुरू केली.

फोन अकरा मिनिटं चालला. मी मध्ये एकदाही बोलले नाही.