आर्थर डेंट, सँडविचवाला

हिंजवडीत 'बायपास' हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. त्यामुळे अंतराळातला बायपास काढायचा म्हणून पृथ्वीच पाडून टाकली, हा डग्लस ॲडम्सचा विनोद इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आधी नायक आर्थर डेंटचं घर रस्त्यात जाणार, मग अख्खा ग्रह. आणि नोटीस म्हणे रीतसर लावलेली होती! माण-मारुंजीकडच्या, शेतावर एमआयडीसी आलेली पाहिलेल्या म्हाताऱ्यांना हे वाचून दाखवलं तर तेही हसतील, पण आपल्यासारखं नाही.

हा विनोद ज्यात आहे ती, १९७८ साली बीबीसी रेडिओवर सुरू झालेली 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' १९७९ मध्ये कादंबरी झाली, आणि जगण्याच्या अंतिम प्रश्नाचं तिनं दिलेलं उत्तर, ४२ हा आकडा, संगणकवाल्यांचा खाजगी नमस्कार बनला. मालिकेतलं १९८४ चं चौथं पुस्तक लिहून घ्यायला सनी मेहता या भारतीय वंशाच्या प्रकाशकाला लेखकासोबत लंडनच्या हॉटेलात मुक्काम ठोकावा लागला. त्या पुस्तकात पृथ्वी परत आली, आर्थरला प्रेयसी फेनचर्च भेटली. तिथंच हात आवरता आला असता.

१९९२ मध्ये आलं पाचवं, 'मोस्टली हार्मलेस'. फेनचर्च प्रवासात शेजारच्या सीटवरून नाहीशी होते. ना निरोप, ना भांडण. लेखक थोडक्यात सांगून पुढे निघतो, आणि आपण मागच्या पानावर अडकतो.

या पुस्तकात समांतर विश्वं आहेत. एका विश्वातली ट्रिशा परग्रहावरच्या माणसासोबत निघून जाते, दुसऱ्या विश्वातली पर्स आणायला मागे वळते आणि कायमची राहून जाते. एकाच बॅचचे दोघं, एक ऑनसाइट गेला, दुसऱ्याचा व्हिसा अडकला. हिंजवडी फेज टूच्या कुठल्याही कँटीनमध्ये ही गोष्ट जेवायला बसलेली असते. 'गाइड' या कथेतल्या प्रवासपुस्तकाचं ऑफिस दरम्यान नव्या कंपनीनं गिळलंय. तिची योजना एकच: वस्तू एकदा बनवायची आणि अनंत समांतर विश्वांत अनंत वेळा विकायची. इथं हसू येतं आणि लगेच आपल्याच टाउनहॉलची आठवण होते.

पण मला हे पुस्तक आवडतं ते लॅम्युएलासाठी. यान कोसळून आर्थर त्या मागास ग्रहावर पडतो. पृथ्वीचं विज्ञान शिकवावं, तर याला स्वतःला एक टोस्टरसुद्धा बनवता येत नाही. येतं फक्त सँडविच. मग तो सँडविचवालाच होतो. अवजारं घडवणाऱ्या स्ट्रिंडरबरोबर बसून सुऱ्या घडवून घेतो: पावासाठी एक भक्कम, लोण्यासाठी वेगळी, मांसासाठी तिसरी. वजन, तोल, धार, सगळं पुन्हा पुन्हा तपासून. काप किती जाड हवा, यावर लेखक परिच्छेद खर्ची घालतो. चेष्टा चालू आहे असं आधी वाटतं; मग लक्षात येतं, इथं कोणी चेष्टा करत नाहीये. आर्थर पहिल्यांदाच कामाचा माणूस झालाय. इथल्या रस्त्याकडेचा भुर्जीवाला न बघता पाव उभा चिरतो, तशी ती निवांत हातोटी. दिवसभर स्क्रीनसमोर बसून संध्याकाळी हातात धरण्यासारखं काहीच न उरलेल्यांना ही पानं जरा जास्तच लागतात.

हे सुख लेखकाला बघवलं नाही. आर्थरची मुलगी रँडम येते, तिच्यामागे त्याला पृथ्वीवर यावं लागतं, आणि सगळ्या विश्वांतल्या सगळ्या पृथ्व्या एकदम पुसल्या जातात. परतीची फट ठेवलेली नाही. पुस्तक फार काळोखं झालं, हे ॲडम्सनं स्वतः कबूल केलं होतं. सहावं लिहून शेवट गोड करायची इच्छाही होती. ११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात व्यायामानंतर हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. वय ४९. २००९ मध्ये ओवेन कोल्फरनं सहावं लिहिलं. सफाईदार आहे, पण मला पाचव्याचा काळोखच खरा वाटतो.

ॲडम्स गेला त्याच्या दोनच दिवस आधी एका लघुग्रहाला आर्थर डेंटचं नाव मिळाल्याचं जाहीर झालं होतं. २००५ मध्ये आणखी एकाला खुद्द लेखकाचं नाव दिलं गेलं. त्याचा मूळचा तात्पुरता क्रमांक होता २००१ डीए४२: मृत्यूचं वर्ष, नावाची आद्याक्षरं आणि ते उत्तर.