नाळेतली पेशी आणि यकृताचं काम

प्रसूतीनंतर नाळ कापली की तिचं काम संपलं असं आपण धरतो. बहुतेक रुग्णालयांत ती वारेबरोबर जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. आम्ही ती त्याआधीच, आईच्या लेखी संमतीने, मागून घेतो. सिझेरियनची असली तर उत्तम, कारण तिला जंतूंचा संसर्ग कमी.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते आणि त्यांच्याभोवती बुळबुळीत, पांढुरका गर. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ती व्हार्टन्स जेली. रक्तवाहिन्या सोलून काढायच्या, गर बारीक चिरायचा आणि तुकडे डिशमध्ये पसरून पोषक द्रव घालायचा. काही दिवसांत कडेकडेने लांबट पेशी बाहेर सरकू लागतात. या मेसेन्कायमल मूलपेशी. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी निराळ्या. त्या रक्त घडवतात. त्यांचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लकमन यांनी केलं. जाहिरातींत या दोन्हींची सर्रास भेसळ होते.

लांबट पेशीला यकृताकडे वळवायचं तर गर्भात यकृत ज्या क्रमाने घडतं, साधारण त्याच क्रमाने तिला संकेत द्यावे लागतात. आधी हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर आणि त्याच्या जोडीचे वाढघटक, नंतर ऑन्कोस्टॅटिन एम आणि डेक्सामेथासोन. गर्भाच्या यकृतात रक्तपेशीही तयार होत असतात आणि त्या रक्तपेशीच हे ऑन्कोस्टॅटिन यकृतपेशींना पुरवतात. शेजारधर्म म्हणा हवं तर. दोन ते चार आठवड्यांत पेशी आखूड, बहुकोनी होतात. अल्ब्युमिन सापडतं, ग्लायकोजेनचा साठा किरमिजी रंग घेतो. फोटो सुरेख येतात आणि पुष्कळ शोधनिबंध इथेच थांबतात.

खरी परीक्षा पुढे आहे. ही पेशी अमोनियाचा युरिया किती करते? औषधं मोडणारी सायटोक्रोम पी-४५० विकरं तिच्यात किती चालतात? प्रौढ माणसाच्या ताज्या यकृतपेशीशेजारी ठेवून मोजलं, की आमच्या पेशी बहुधा फार मागे पडतात. अनेकदा त्या आल्फा-फीटोप्रोटीनही बनवत राहतात, म्हणजे गर्भावस्थेतच अडकलेल्या. नुसत्या अल्ब्युमिनवरून यकृतपेशी जाहीर करणं म्हणजे पाटी लागली म्हणून दुकान चालू आहे असं समजणं.

या क्षेत्राला संशयाची सवय लावणारा एक प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावतो. २००० साली अमेरिकेत अस्थिमज्जेतल्या मूलपेशी टोचून उंदरांचा यकृताचा आनुवंशिक आजार सुधारला. मूलपेशींच्या यकृतपेशी झाल्या, असाच सगळ्यांचा समज झाला. त्या प्रयोगातले मार्कस ग्रोम्पे आणि त्यांचे सहकारी मात्र तिथे थांबले नाहीत. २००३ मध्ये त्यांनीच दाखवलं, की टोचलेल्या पेशी प्रामुख्याने उंदरांच्या स्वतःच्या यकृतपेशींशी एकजीव झाल्या होत्या. उंदीर बरे झाले होते, पण मूलपेशींचं रूपांतर झालं म्हणून नव्हे.

शिवाय प्रश्न संख्येचा. प्रौढ यकृत साधारण दीड किलोचं. त्यातल्या पाच-दहा टक्के पेशी पुरवायच्या म्हटल्या तरी हिशेब अब्जांत जातो आणि त्या सगळ्या पक्व हव्यात. चीनमध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना नाळेच्या पेशी दिल्यावर पोटातलं पाणी कमी झाल्याचे अहवाल आहेत. पण त्या पेशी यकृतपेशी केलेल्या नव्हत्या. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी दाह उतरला असावा. माझ्या मते रूपांतरित पेशींचा पहिला उपयोग रुग्णाच्या शरीरात होणार नाही. तो नव्या औषधांची यकृतावरची विषबाधा तपासण्यात होईल आणि तेही कमी मोलाचं नाही.

म्हणून, ‘बाळाची नाळ साठवा, उद्या यकृत मिळेल’ असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेतलं रक्त साठवण्याला परवानगी आहे, नाळेच्या ऊतीला नाही. बाळाच्या यकृतासाठी त्या दिवशी करण्यासारखं एक काम मात्र नक्की आहे: जन्मापासून २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. तो दिला का, हे नर्सबाईंना विचारून घ्या.