अजून पाठच चाललीय!

ताईला दिवस राहिले तेव्हा आजीनं बाळाच्या स्वेटरसाठी दहा नंबरच्या सुयांवर टाके घातले, एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर विणली आणि 'पुढचं तू' म्हणून सुया माझ्या हातात दिल्या. आज भाची ज्युनिअर केजीत आहे. आजी नाही. आणि माझी अजून पाठच चाललीय. (स्वेटरची हो!) लोकलमध्ये विणते, दादरच्या रेटारेटीत टाका गळतो, रात्री उसवते, पार बॉर्डरपर्यंत. आजीचे टाके एकसारखे. माझे डेडलाइन जवळ आली की आवळलेले, एरवी ढिले. ताई म्हणते, ''आता तिला होणार नाही. सगळं उसव, मोठ्या मापाचा घे.'' बॉर्डरसुद्धा? छे! भाचीच्या बाहुलीला घालू. बाहुली काही वाढत नाही!