अब्बांचा डोळा

कळमन्याच्या मिरची बाजारात हमाली केलेल्या अब्बांना डोळ्यांची आग नवी नव्हती. पण काचबिंदूने उजवी नजर गेल्यावरही ठणका थांबेना. डॉक्टरांनी डोळा गोठवण्याचा उपाय सांगितला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सुमारे उणे ८० अंश थंड सळई मिनिटभर टेकवतात. आत पाणी तयार करणारा भाग गोठतो, दाब उतरतो. हल्ली हे काम बहुधा लेझरने होते.

“नजर येईल?”

“नाही चाचा, दुखणं कमी होईल.”

तेवढ्यावर अब्बा तयार झाले. चिंता एकच: डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही, मग वुजू कसा? इमामसाहेबांनी तयम्मुमची सवलत समजावली.

काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून आम्ही चारही भावंडांनी दाब तपासून घेतला. धाकट्याचा वाढलेला निघाला. त्याचे थेंब सुरू आहेत.