दोन काचा

भंगारातल्या काचेतून आकाश जवळ आणता येते, यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. जॉन डॉबसन या संन्याशाने ते करून दाखवले. 1915 साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा रसायनशास्त्राचा पदवीधर 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला. संन्याशाजवळ पैसा कुठला? जहाजाच्या खिडकीची जुनी काच घासून त्याने 1956 साली 12 इंची अंतर्गोल आरसा घडवला व त्याची दुर्बीण केली. पुढे या छंदापायीच 1967 साली त्याला मठ सोडावा लागला. त्यानंतर कित्येक दशके तो रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना विनामूल्य चंद्र दाखवत राहिला.

मी धर्मगुरू असल्याने ही कहाणी मला केवळ विज्ञानाची वाटत नाही. आपला वेळ नेमका कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक व्रतस्थाला कधी ना कधी पडतोच. मलाही तो पडला.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त टर्नर आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी क्षीण होत चालली होती आणि गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. चाळीस वर्षे यंत्रावर काम केलेले ते हात घरी स्वस्थ बसून राहत. दारूखान्याच्या भंगार बाजारातून मी जहाजाच्या खिडकीच्या 8 इंची दोन जाड काचा आणल्या, त्या याच हातांसाठी. सोबतीला दहावीत दोनदा नापास झालेला एक मुलगा घेतला. ‘तयार दुर्बीण विकत मिळते ना, फादर?’ असे धर्मग्राम समितीतील एका सद्गृहस्थांनी नम्रपणे विचारले. मिळते, हे खरेच होते.

कृती सोपी आहे. वाळूने भरलेल्या जुन्या पिंपावर एक काच घट्ट बसवायची, तिच्यावर पाणी व कार्बोरंडमची पूड टाकायची आणि दुसरी काच वर ठेवून पुढेमागे घासत पिंपाभोवती सावकाश फिरायचे. वरची काच मध्यभागी झिजते, खालची कडेला. तासन्‌तास घासल्यावर वरची अंतर्गोल होते, खालची बहिर्गोल. आमच्या आरशाचे नाभीय अंतर 64 इंच हवे होते. त्यासाठी मधली खोली जेमतेम दीड मिलिमीटर पुरे. पूड बदलायची वेळ झाली, हे काका घासण्याच्या आवाजावरून ओळखत.

खरी परीक्षा पुढेच होती. सिरियम ऑक्साइडने चकाकी आणल्यावर गोलाकाराचे अन्वस्ताकारात रूपांतर करायचे असते आणि त्या दोहोंतील फरक मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो पाहण्याची युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ फुको याने 1858 साली शोधली. डब्यात दिवा, डब्याला सुईने पाडलेले छिद्र आणि दाढीचे एक पाते, एवढ्यावर काचेतील उंचसखलपणा सावल्यांच्या रूपाने दिसू लागतो. बोट क्षणभर टेकवले, तरी त्या उबेने काच फुगते आणि तेथे टेकडी उगवते. ती निवेपर्यंत थांबावे लागते.

त्या सावल्या काकांना दिसत नव्हत्या. मुलगा पाहून सांगे, ‘काका, मध्ये टेकडी आहे, कडेला उतार आहे.’ काका विचार करत आणि हात किती लांब न्यायचा, किती फेऱ्या घ्यायच्या ते ठरवत. ज्याला शाळेने कच्चा ठरवले होते, त्याच्या शब्दावर एक कसबी कारागीर विसंबून होता. पोराने एकदाही अंदाजाने सांगितले नाही. खात्री नसली, की म्हणे, ‘थांबा, पुन्हा बघतो.’ विकतच्या दुर्बिणीबरोबर हे मिळाले नसते, असे मी त्या सद्गृहस्थांना सांगितले.

मुंबईतल्या एका कारखान्यात आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवून घेतला. चर्चच्या आवारात शनीचे कडे पाहायला गाव रांगेत उभा राहिला. काका खुर्चीवर बसून प्रत्येकाला विचारत होते, ‘कडे सुटे दिसते का? की ग्रहाला चिकटलेले?’ सुटे दिसते, असे प्रत्येक जण सांगे आणि ते समाधानाने मान हलवत.

खालची काच अजून माझ्या टेबलावर आहे. तिच्यातून कोणी आकाश पाहिले नाही, पाहणारही नाही. पण ती खाली नसती, तर वरच्या काचेला आकार आला नसता.